बाईच्या हातचा घोडा

सुभद्राबाईचा चांद्या दिसायला काही फार नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर घोडा म्हटलं की लोक लगेच डोळ्यांपुढे उंचपुरं मारवाडी जनावर आणतात, मान ताठ, टापा आपटत नाचणारं. चांद्या तट्टूच. बुटका, पोटाला जरासा सुटलेला, अंगानं तांबडा आणि तोंड कपाळापासून ओठापर्यंत पांढरंफेक. डोळे निळसर, घारे. पहिल्यांदा पाहणारा माणूस तर म्हणायचाच, हा होय तो? पण मेहकरापासून साखरखेर्ड्यापर्यंत ज्याच्या ज्याच्या दारात वरातीची घोडी होती, त्याला हा पत्ता तोंडपाठ होता. डोणगावच्या जरा अलीकडे, मळ्यातलं घर, अंगणात निंब, बाई एकटी राहते, घोडी माजावर आली की तिथं न्यायची.

कारण एकच, चांद्याचा स्वभाव.

वरातीच्या घोडीला काय लागतं, हे कधी घोडीवाल्याला विचारून पाहा. उंची नवरदेवाला लागते, ती फोटोपुरती. घोडीवाल्याला लागतं थंड डोक्याचं जनावर. पुढं डीजे, पायात फटाक्यांची लड, मागं शेपटीला लोंबकळणारे नवरदेवाचे प्यालेले मित्र, आणि पाठीवर जन्मात कधी घोड्यावर न बसलेला, घामाघूम झालेला नवरदेव. घोडी एकदा बिचकली आणि नवरदेव नालीत पडला, की त्या घोडीवाल्याची लग्नसराई आटोपलीच म्हणा. चांद्याची शिंगरं, त्यातही बापाचं पांढरं तोंड घेऊन आलेली, अशी निघायची की पोटाखाली सुतळी बॉम्ब फुटला तरी कान हलवायची नाहीत. लोक दोन तालुके ओलांडून यायचे ते त्या पांढऱ्या तोंडासाठी.

आणि चांद्या स्वतः? आंडील, म्हणजे खच्ची न केलेला घोडा काय चीज असते ते हाताळणाऱ्यालाच ठाऊक. माजावरची घोडी नुसती वाऱ्यावर आली तरी भलेभले घोडे मालकाचा खांदा फोडतात, दावं तोडतात. चांद्या तसला असता तर सुभद्राबाईकडं कोणी फिरकलंच नसतं. कारण घोडा लावायच्या वेळी बाईमाणसानं तिथं उभं राहायचं नाही, हा रिवाज. मग ती काय करायची, चांद्याला ठाणावरून सोडायची, अंगणात आणायची, दावं आलेल्या माणसाच्या हातात द्यायची आणि मागं न पाहता घरात जाऊन चहाचं आधण ठेवायची. बाहेर बाप्ये काय ते उरकून घ्यायचे. "झालं वैनी," असा आवाज आला की ती कप घेऊन बाहेर यायची. म्हणजे घोडा कसा पाहिजे? कोणत्याही परक्या माणसाच्या हातात दिला तरी माणसासारखा वागणारा. चांद्यानं इतक्या वर्षांत एकाही माणसाला दात लावला नव्हता, एकाही घोडीला ओरबाडलं नव्हतं.

त्याला आणला होता तिच्या नवऱ्यानं, तुळशीरामनं, सारंगखेड्याच्या यात्रेतून. तुळशीराम स्वतःला घोड्यांतला मोठा जाणकार समजायचा. दहा घोडे नापसंत केले, आणि या बुटक्याच्या मागं लड पेटवली. बाकीच्या घोड्यांनी सारी दावण उधळली, हा गवत खात उभा. "स्वभाव पाह्यला म्या, रूप नाही," असं तो गावभर सांगत फिरला. पुढं दोन-तीन वर्षांत तुळशीराम गेला. मुलगा हरिओम पुण्याहून आला, दिवस केले, आणि म्हणाला, "आई, घोडा विकून टाक अन् माह्यासोबत चल." सुभद्राबाईनं नाही म्हटलं. चांद्या राहिला आणि ती राहिली.

पैशाचं सोडा, मळ्यातली वांगी-मेथी तिला पुरत होती. तिला हवा होता तो नंतरचा चहा. घोडीवाला बाजेवर बसायचा, कपाळाचा घाम पुसायचा आणि बोलायला लागायचा. कोणत्या वरातीत व्याही-व्याही भांडले, कोणता नवरदेव उतरायलाच तयार नव्हता, मलकापुरात घोडीपेक्षा बग्गीला कशी मागणी आहे. ती उंबऱ्यात बसून ऐकायची, मध्ये मध्ये तोंडाला पदर लावून हसायची. गावातल्या बायका तिच्याकडं येत नसत. विधवा म्हणून हळदीकुंकवाला बोलावणं नव्हतंच, त्यात घोडे लावणारी बाई म्हणून नाकं मुरडायला आयतं निमित्त. हे येणारेजाणारे घोडीवाले म्हणजेच तिचे सोयरे.

एरवी होता चांद्या. संध्याकाळी त्याच्या अंगाला खरारा करताना तिचं तोंड सुरू व्हायचं. गुडघ्याचं सांगायची, हरिओमच्या फोनचं सांगायची, सून छाया फोनवर "हं, हं" करते आणि मोबाईल नवऱ्याकडं देते तेही सांगायची. कोणाजवळ कधी काढलं नव्हतं तेही त्याच्याजवळ काढायची. की रात्री छातीत कळ आली आणि मी गेले, तर सकाळी कोणाला कळणार? की तुळशीराम गेल्यावर या घरात आपलं नाव घेऊन हाक मारणारं कोणी उरलं नाही. चांद्या मान खाली घालून उभा राहायचा. तिला वाटायचं, ऐकतोय. घोडीवाल्यांना ती अभिमानानं सांगायची, "मी बोलते न त्याच्यासंग रोज, म्हणून थो असा आहे."

चैत्रातल्या एका दुपारी इंद्रभान गवई आला. साखरखेर्ड्याचा जुना घोडीवाला, हाडापेरानं मजबूत, मिशा पांढऱ्या झालेल्या. पिकअपमध्ये त्याची काळी घोडी, आणि ड्रायव्हर शेषराव.

"जय भीम, वैनी."

"जय भीम भाऊ, या. राणी कशी आहे?" तिनं लगेच विचारलं. राणी म्हणजे याच काळ्या घोडीची चांद्यापासून झालेली पोर. पांढऱ्या तोंडाची, डोळे बापाचे. वर्षाची असताना इंद्रभाननं मुद्दाम दाखवायला आणली होती, तेव्हा सुभद्राबाईनं तिला गूळ चारला होता.

इंद्रभान खाली बघत म्हणाला, "राणी गेली, वैनी."

बाजेवर टेकून त्यानं सांगितलं. "मलकापूरची वरात होती. वरात लावली अन् आमी जेवाले बसलो. राणी कडेले बांधेल होती, दावं कसं सुटलं काय मालूम. रस्त्यावर कोणाचा चारा सांडेल होता, थे खात उभी. अन् टिप्पर मागं येऊन राह्यला. हॉर्न देल्ला त्यानं, लोकं बोंबलले, मी जेवण टाकून आवाज देत धावलो. पण थे इतकी शांत वैनी, इतकी शांत, मान वर केली नाही. टिप्पर अंगावर आला तरी घास चावून राह्यली होती." त्यानं नाक पुसलं. "असं जनावर पुन्हा भेटत नाही. म्हणून तिच्या मायले घेऊन आलो. मले तसंच पाह्यजे. तेच तोंड, तोच स्वभाव."

सुभद्राबाई "बसा, आणते त्याले," म्हणून उठली. इंद्रभान कौतुकानं बोलला होता, पण तिला ते पटेना. जनावर कितीही शांत असू दे, टिप्पराला वाट देतं. शांतपणे देतं, पण देतं. तिची म्हातारी गायसुद्धा सायकलची घंटी ऐकून बाजूला व्हायची.

ती ठाणाच्या दारातून आत गेली नाही. मागच्या बाजूनं गेली, जिथं तुराट्यांचा कूड होता. फटीतून तिला चांद्याचं मागचं अंग दिसत होतं, शेपटी माश्या हाकत होती. तिथंच रिकामा पत्र्याचा डबा पडला होता. तिनं तो उचलला आणि दगडावर दाणकन आपटला. आतली शेळी दावणीला हिसका देऊन उडाली. अंगणात काळी घोडी खिंकाळली. इंद्रभाननं तिकडून विचारलं, "काय पडलं हो वैनी?"

चांद्या कडबा चावत होता.

"चांद्या," तिनं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग अशी मारली, जशी आयुष्यात कोणाला मारली नसेल, गळ्याच्या शिरा ताणून. काही नाही. शेवटी तिनं कुडाच्या फटीतून हात आत घातला. हाताची सावली भिंतीवर हलली तसा तो वळला आणि ओळखून फुरफुरला.

संध्याकाळी ती दारात आली की तो मान वर करायचा, ती का करायचा ते आता तिला कळलं. दारात माणूस उभं राहिलं की आत अंधार पडतो. एवढंच होतं ते. तुळशीरामचा तिला असा राग आला, की तो जिवंत असता तर त्या दिवशी त्याची धडगत नव्हती. मोठा जाणकार! बहिऱ्या घोड्यामागं फटाके लावून स्वभाव पाहत होता. आणि आपण तरी काय मोठ्या शहाण्या? इतकी वर्षं जीव उकलून सांगत होतो ते कोणाला? एक अक्षर पोचलं नव्हतं. रडू आलं नाही, नुसतं कोरडं कोरडं झालं.

"आणता न वैनी? घोडी आयकून नाही राह्यली," इंद्रभान म्हणाला.

तिनं चांद्याला सोडलं, अंगणात आणलं. दावं इंद्रभानच्या हातात दिलं आणि नेहमीसारखी, मागं न पाहता, घरात गेली. हो, गेली. खोटं कशाला सांगा. आधण ठेवलं, साखर टाकली. हा रिवाज त्या वेळी तिच्या फार सोयीचा होता. बाईनं तिथं थांबायचंच नसतं, मग तिथं जे होईल त्याला ती काय करणार? आणि कोणाला कळणार आहे? सांगितलं तर उद्यापासून या अंगणात पिकअप येणार नाही, बाजेवर कोणी बसणार नाही, लग्नसराई येईल आणि जाईल आणि तिला कोणत्या व्याह्यानं काय केलं ते कळायचंही नाही. नुसती वांगी आणि ती. या विचारानंच तिला भ्यायला झालं. तिनं चहापत्ती टाकली.

बाहेर काळी घोडी किंचाळली. शेषराव "धर, धर," म्हणत होता.

आणि तिला ती पांढरी तोंडं आठवली. मेहकरची, डोणगावची, लोणारच्या बाजूची, इथं दाखवायला आणलेली, तिच्या हातून गूळ खाल्लेली. आत्ता या घटकेला कोणत्या तरी रस्त्यानं चालत असतील. मागून काही येत असेल आणि मालक आवाज देत असेल, आणि कौतुक करत असेल की केवढी शांत आहे.

ती चहा तसाच ठेवून बाहेर आली.

तिला पाहून शेषरावनं मान फिरवली. "वैनी, आत जा नं तुमी," तो ओशाळून म्हणाला. चांद्या तोवर घोडीच्या मागं पोचला होता, मान उंच, नाकपुड्या फुललेल्या, पुढचे पाय जमिनीवरून सुटत होते. अशा वेळी घोड्याजवळ जाणं म्हणजे काय, ते इंद्रभानला बरोबर माहीत होतं. तो ओरडलाच, "वैनी, हटा. चावंल थो."

सुभद्राबाईनं हाक मारली नाही. मारून उपयोग काय? ती त्याच्या पुढच्या अंगाला गेली, त्याला दिसेल अशी, आणि मानेवर तळहात ठेवला. मग दावं हातात घेऊन ओढलं. चांद्याचं सारं अंग थरथरत होतं, पोटाखालून घाम गळत होता. तो एकदा जोरात फुरफुरला. मग पाय खाली टेकवले, मान वळवली आणि तिच्या मागं चालत निंबापर्यंत आला.

"माही हयात गेली घोड्यात," इंद्रभान म्हणाला. "माजावरच्या घोडीवरून घोडा असा परत आलेला पाह्यला नाही. पण काऊन आणला, वैनी? काय चुकलं आमचं?"

"तुमचं काई नाही चुकलं. त्याले ऐकू येत नाही, भाऊ," ती म्हणाली. "बहिरा आहे थो. पहिल्यापासून. अन् तुमची राणी बी बहिरी होती."

इंद्रभान हसणार होता. मग हसला नाही. तो बाजेजवळ गेला आणि हळूच बसला. तिनं डब्याचं सांगितलं, तुळशीरामच्या लडीचं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचे ओठ हलत होते, मनात काहीतरी जुळवत असल्यासारखे. मग म्हणाला, "मी तिले नावं ठेवत होतो. आवाज देल्ला की येत नाही, लय भाव खाते म्हणे. अन् थे..."

शेषराव घोडीला निंबाच्या दुसऱ्या अंगाला घेऊन गेला. इंद्रभान उठून चांद्याजवळ आला. त्याला जवळून न्याहाळलं, आणि एकाएकी म्हणाला, "पण एक सांगू का वैनी. बहिरं जनावर मागून हात लावला की लाथ घालते. त्याले कोणी येते ते समजत नाही, दचकते थे. याले तं साऱ्या जिल्ह्यानं मागून हात लावला. म्या बी किती डाव लावला."

सुभद्राबाईनं चांद्याकडं बघितलं. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. रोज संध्याकाळी ती खरारा घेऊन कोणत्याही बाजूनं जायची, आपण बोलतोय म्हणजे कळतंच आहे त्याला, अशा भरवशावर. प्रत्येक वेळी तो हात अंगावर अचानक पडत होता. प्रत्येक वेळी तो दचकला असेल. आणि एकदाही त्यानं पाय उचलला नव्हता. तिच्या डोळ्यांत आता पाणी आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

"म्हणजे स्वभाव तं होताच," इंद्रभान म्हणाला.

"होताच. पण पोराइले त्याचा स्वभाव आला का त्याचे कान आले, हे कसं समजावं? नाही समजत. घोडी घेऊन जा तुमी. अन् तुमी साऱ्याइले भेटता लग्नात. पांढऱ्या तोंडाचं ज्याच्या ज्याच्याजवळ आहे त्याले सांगा. मागून आवाज देऊन पाहा म्हणा. रस्त्यावर सोडू नका म्हणा."

"सांगतलं तं इथं कोणी येनार नाही, वैनी."

"हाव," ती म्हणाली. "माहीत आहे मले."

इंद्रभाननं शेषरावला घोडी गाडीत चढवायला सांगितलं. चहा उकळून उतू गेल्याचा वास आला तेव्हा ती आत पळाली. ती बाहेर येईपर्यंत पिकअपचं मागचं फाळकं लागलं होतं. त्यानं हात जोडले, तिनंही जोडले, आणि गाडी वळली.

इंद्रभान शब्दाचा पक्का निघाला. आठवड्याभरात फोन यायला लागले. कोणी म्हणालं, खरं आहे वैनी, आमचीही तशीच निघाली, आता गळ्यातून दोर सोडत नाही. कोणी वाट्टेल ते बोललं, की इतके दिवस फसवलं आम्हाला. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची. मग फोनही थांबले. वैशाखात आसपासच्या साऱ्या गावांत बँड वाजत होते, वाऱ्यावर तिच्यापर्यंत येत होते. बाज तिनं अंगणातून उचलून आत भिंतीला उभी करून ठेवली.

चांद्याचं तिनं काही कमी केलं नाही. संध्याकाळी खरारा घेऊन जायची, आता समोरून, त्याला दिसेल अशी. आधी हात दाखवायची, मग अंगाला लावायची. पहिल्या दिवशी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. ठाणात खराऱ्याचा तेवढा आवाज. तिला तिथं कधी नव्हतं इतकं एकटं वाटलं, आणि चांद्यासाठीही वाटलं, की तो तर असाच राहत आलाय, सुरुवातीपासून.

एका रविवारी हरिओमचा फोन आला. खुशाली झाली, पावसापाण्याचं झालं. तिनं सांगितलं, "चांद्याले ऐकू येत नाही रे. बहिरा आहे थो."

हरिओम हसला. "मंग काय झालं आई? त्याले कोठी फोन उचलाचा आहे?" मग जरा वरमला. म्हणाला, "आज मले सुट्टी आहे. छाया बी इथंच बसली आहे. घाई नाही काही. बोल नं आई. तू कधी काही सांगतच नाहीस. काही तरी सांग."

सुभद्राबाई फोन कानाला लावून उंबऱ्यात बसली. तिनं खरंच आठवून पाहिलं. गुडघ्याचं, रात्रीच्या भीतीचं, तुळशीरामचं, छायाच्या हं-हंचं, कोणी नाव घेऊन हाक मारत नाही त्याचं. एकेक गोष्ट उचलली आणि परत ठेवली. इतक्या वेळा बोलून झालेलं परत कोणत्या तोंडानं बोलायचं ते तिला कळेना.

"काय सांगू बापा," ती म्हणाली. "सारं सांगून झालं."